डॉक्टरांना सरकारी हिशेबही शिकवा
आरोग्यसेवेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सार्वजनिक वित्त व्यवस्थापन, म्हणजे सरकारी पैशाचा वापर आणि हिशेब, सक्तीचं करावं, ही तुमच्याकडच्या लेखातली मागणी मनापासून पटली. मी नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात एका आरोग्य केंद्रात ११ वर्षं हिशेब सांभाळले. नवे डॉक्टर रुग्ण तपासण्यात हुशार. पण पहिल्याच महिन्यात त्यांच्यापुढे केंद्राचा निधी सांभाळणाऱ्या रुग्ण कल्याण समितीची रोकडवही, दरपत्रकं, मिळालेला निधी कशावर खर्चला हे दाखवणारी उपयोगिता प्रमाणपत्रं येऊन पडायची. हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसायचं. एका वर्षी प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही, निधीचा पुढचा हप्ता अडकला आणि ऐन पावसाळ्यात गाडीच्या डिझेलसाठी उसनवारी करावी लागली. त्याच गाडीतून बाळंतिणी यायच्या!

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. तो पैसा मार्चअखेरच्या घाईत न उडवता वर्षभर नीट वापरणारी माणसं कुठून येणार?

आपल्या नाशकात १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून. दोघांनी मिळून नोकरी करणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढावा. शिकवायला कोषागारातली निवृत्त मंडळी बोलवा. मीही येईन, मानधन नको.