‘गहाळ’ हा शब्द कोणी लिहायला लावला?

मागच्या महिन्यात इंदूरमध्ये राजवाड्याकडून घरी परतताना माझ्या भाचीच्या हातातला मोबाइल मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी हिसकावून नेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या गुन्ह्यासाठी कलम ३०४ हे स्वतंत्र कलम असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मी न्यायालयात एकतीस वर्षे लघुलेखिका म्हणून काम करून निवृत्त झाले, त्यामुळे कोणते कलम लागते हे मला कोणाला विचारावे लागले नाही. तरीही पोलीस ठाण्यात आमच्यासमोर बसलेल्या मुहर्रिराने, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या हवालदाराने, अगदी नम्रपणे सांगितले, “मॅडम, छीनने का मत लिखवाइए, गुम होना लिखवा दीजिए, नंबर ट्रैकिंग पर डाल देंगे, मिल जाएगा.” रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि भाचीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. फोन गहाळ झाल्याच्या अर्जावर तिने सही केली. मी शेजारी बसले होते आणि मी तिला थांबवले नाही. त्याची मला लाज वाटते, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

दोन दिवसांनी मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा आधार घेऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांना रजिस्टर्ड टपालाने अर्ज पाठवला. ठाण्यात दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) नोंदवून घेतला नाही, तर तक्रारदाराला त्याची माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ही तरतूद ज्यांना ठाऊक नाही त्यांनी कृपया लक्षात ठेवावी. नवव्या दिवशी कलम ३०४ खाली गुन्हा दाखल झाला. त्याच दिवशी असेही कळले, की त्या मुहर्रिराला ‘लाइन अटैच’ करण्यात आले आहे, म्हणजे ठाण्यातून हलवून पोलीस लाइनीत पाठवले आहे. नात्यागोत्यातल्या अनेकांनी फोन करून माझे अभिनंदन केले, “चांगला धडा शिकवलात, ताई.” मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण ज्याला धडा मिळाला तो त्या खोट्याचा मूळ कर्ता नव्हता, असे माझे ठाम मत आहे.

हिसकावलेला फोन गहाळ म्हणून लिहिला गेला, तर त्या मुहर्रिराच्या पदरात काय पडते? त्याने आमच्याकडे एक रुपयाही मागितला नाही. त्याचे काम तर उलट वाढले, कारण आम्हाला समजावण्यात त्याचा अर्धा तास गेला. लाभ होतो तो आकड्यांचा. दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत, म्हणजे इकडे सगळे जिला ‘क्राइम मीटिंग’ म्हणतात तिच्यात, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करून विचारले जाते, की चोऱ्या का वाढल्या, लूट का वाढली. गहाळ वस्तूंची नोंद त्या तक्त्यात धरली जात नाही. ज्या अधिकाऱ्याला आकडा कमी दाखवल्याबद्दल शाबासकी आणि खरा आकडा दाखवल्याबद्दल बोलणी मिळतात, त्याने खालच्या माणसाला वेगळा लेखी हुकूम द्यायची गरजच उरत नाही. खालचा माणूस साहेबांचा चेहरा वाचून शिकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितले, की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे आणि न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे. त्या निकालात ‘अधिकारी’ असा शब्द आहे, आणि कारवाई मात्र टेबलावरच्या हवालदारापाशी येऊन थांबते.

‘लाइन अटैच’ या प्रकाराबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण वर्तमानपत्रात ते वाचून आपल्याला न्याय झाल्यासारखे वाटते. मध्य प्रदेश सिव्हिल सेवा (वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील) नियम, १९६६ मध्ये शिक्षांची यादी आहे : परिनिंदा (ठपका), वेतनवाढ रोखणे, पदावनती, सेवेतून काढणे, बडतर्फी इत्यादी. लाइन अटैच तिच्यात नाही. निलंबनसुद्धा शिक्षा म्हणून त्या यादीत नाही. माणूस ठाण्यातून राखीव पोलीस लाइनीत जातो, पगार पूर्ण मिळतो, चौकशी होतेच असे नाही, आणि प्रकरण थंडावले की त्याची दुसऱ्या ठाण्यात नेमणूक होते. ज्याने गंभीर गैरवर्तन केले त्याला ही पळवाट ठरते. ज्याने वरच्याची इच्छा पाळली त्याच्यावर हा अन्याय ठरतो. दोन्ही बाबतींत ‘हे कोणी करायला लावले’ हा प्रश्न फाइलवर येत नाही, आणि मला वाटते ही पद्धत इतकी लोकप्रिय असण्याचे कारण तेच आहे.

न्यायालयात मी वर्षानुवर्षे पोलीस साक्षीदारांच्या जबान्या टंकित केल्या. उलटतपासात ‘रोजनामचा सान्हा’ पुढे ठेवला, की चांगले चांगले विवेचक, म्हणजे तपास अधिकारी, अडखळायचे. ठाण्यातून कोण किती वाजता निघाले, कोणाला केव्हा आणले, हे त्या दैनंदिनीत त्याच वेळी लिहायचे असते, आणि पुष्कळदा ते सावकाशीने, प्रकरणाला जुळेल असे लिहिलेले असल्याचे शाई आणि क्रमांक यांवरून उघड दिसायचे. जप्तीचे पंचही ठरलेले असत. तीच दोन माणसे वेगवेगळ्या प्रकरणांत येऊन सही आपलीच असल्याचे सांगत आणि पुढच्याच वाक्यात, आपल्यासमोर काही जप्त झाले नाही, असे म्हणून पक्षद्रोही (फितूर) ठरत. आरोपी सुटायचा आणि लोक न्यायालयाला दोष द्यायचे. वरिष्ठांची स्वाक्षरी नसलेला यातला एकही कागद मला आठवत नाही. पर्यवेक्षण करणाऱ्याने तो कागद वाचून, ही वेळ खरी नाही, पुन्हा विचारा, असे एकदा जरी म्हटले असते तरी तो न्यायालयात तसा आला नसता. नैतिक नेतृत्व हा शब्द मोठा आहे, पण पोलीस दलात त्याची कसोटी मला तरी याच लहान जागी दिसते : आपल्याच माणसाची चूक अधिकारी कागदावर जशीच्या तशी येऊ देतो की नाही.

लहान खोटे पचले की मोठ्या खोट्याला तीच वाट मिळते. जून २०२० मध्ये तमिळनाडूतील सातनकुलम येथे जयराज आणि बेनिक्स या पितापुत्रांना टाळेबंदीत दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी नेले आणि लागोपाठच दोघांचाही मृत्यू झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाच्या आदेशावरून चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना ठाण्यातल्या सीसीटीव्हीच्या साठवणीत पुरेशी जागा असूनही चित्रण दररोज आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था आढळली. दोघे ठाण्यात होते त्या रात्री काय घडले ते सांगण्यास पुढे आली एक महिला हेड कॉन्स्टेबल. सहकारी ठाण्यातच असताना तिने दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब दिला आणि नंतर उच्च न्यायालयाला तिच्या संरक्षणाकडे लक्ष द्यावे लागले. तिच्या धैर्यापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. परंतु खरे बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण तिच्या वरिष्ठांकडून मिळायला हवे होते, त्यासाठी न्यायालयाला मध्ये पडावे लागते, ही त्या दलातील नेतृत्वाची अवस्था आहे. त्याच वर्षी २ डिसेंबरला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचे आणि ते चित्रण १८ महिने जपण्याचे आदेश दिले.

इंदूरसाठी हा विषय अधिक तातडीचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये येथे आणि भोपाळला पोलीस आयुक्त प्रणाली आली. पूर्वी शांतताभंगाच्या शक्यतेवरून पोलिसांनी धरून आणलेला माणूस महसूल खात्यातल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहत असे. तो अधिकारी फार बारकाईने पाहत असे असा माझा दावा नाही, पण निदान तो वेगळ्या खात्याचा होता. आता धरणाराही पोलीस आणि प्रतिबंधक कारवाईत ज्यांच्यापुढे उभे करायचे ते सहायक आयुक्तही पोलीसच. मोठ्या शहरात निर्णय लवकर व्हावेत यासाठी हे केले गेले आणि त्याचे फायदे मी नाकारत नाही. परंतु बाहेरची एक नजर कमी झाली, तेव्हा आतली नजर तितकीच कडक व्हायला हवी होती.

प्रामाणिक अधिकाऱ्याची बाजूही आहे. वाढलेला खरा आकडा घेऊन बैठकीत उभे राहायचे, तर तीन महिन्यांत बदली होणार नाही एवढी खात्री त्याला लागते. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले प्रकाश सिंग यांनी १९९६ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी जे निर्देश दिले, त्यांत जिल्ह्याच्या अधीक्षकापासून ठाणे प्रभारीपर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ आणि राज्य व जिल्हा स्तरांवर स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण यांचा समावेश होता. ही दोन कलमे एकमेकांशिवाय अपुरी आहेत, असे मला वाटते. कार्यकाळाची हमी नसेल तर सज्जन अधिकारी गप्प बसतो, आणि हमी असून तक्रार ऐकणारे कोणी नसेल तर दुर्जन निर्धास्त होतो.

मी आता दुसरा अर्ज दिला आहे. त्यात दोन विनंत्या आहेत. पहिली अशी, की त्या मुहर्रिराला एकट्याला दूर करण्याऐवजी त्याला आणि त्याच्या वरिष्ठांना एकत्र विचारावे, की गहाळ लिहिण्याची ही रीत कुठून आली. दुसरी अशी, की त्या ठाण्याच्या गेल्या सहा महिन्यांच्या गहाळ मोबाइलच्या नोंदींतून कोणतेही दहा तक्रारदार निवडून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना स्वतः फोन करावा आणि एवढेच विचारावे, की तुमचा मोबाइल हरवला होता की कोणी नेला. त्याला निधी लागत नाही, समिती लागत नाही, एक सकाळ पुरते. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. ते जे येईल, ते मी येथे जसेच्या तसे लिहीन.