दोन्ही दरबारांचा वकील

इंदूरच्या रामबागेतल्या घरून निघताना आईने 23 किलोंच्या बॅगेत लोणचं, शेव आणि बाबांच्या खोक्यातली सहा पुस्तकं कोंबली. शेव मी मागितली होती, पुस्तकं नव्हती मागितली. ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच ठरलेला प्रसंग येतो: समईची ज्योत थरथरते, कुणीतरी शेला सावरतं आणि 'आज्ञा व्हावी' म्हणायला दोन पानं घेतं. शाळेत असताना तशा दोन वाचल्या होत्या. पुरल्या.

एडिंबऱ्यात नोव्हेंबरात दुपारी चारलाच अंधारतं. करायला काही नव्हतं म्हणून गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक उचललं. ना. सं. इनामदारांची 'झुंज'. नायक यशवंतराव होळकर.

लहानपणी सुट्टीत पुण्याच्या नातेवाइकांकडे गेलं की यशवंतराव म्हणजे 'पुणं लुटणारा होळकर' एवढंच ऐकायला मिळायचं. त्यावर 'तुमच्या इंदूरचे' असा टोमणा. 25 ऑक्टोबर 1802, ऐन दिवाळी, हडपसरला त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांची फौज घेऊन बसला. पण त्याच्या आदल्या वर्षी याच बाजीरावाने यशवंतरावाच्या भावाला, विठोजीला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. पुण्यातली गोष्ट दिवाळीपासून सुरू व्हायची. हत्तीपासून कुणी सुरू केली नाही.

रात्री दोनपर्यंत वाचत बसले. मधूनमधून शेला येतोच, नाही असं नाही. पण बाबांच्या पेन्सिलीमुळे तोही सोसला. समासात बारीक अक्षरात 'असं बोलत नसत', पुढे 'तारीख पाहणे', आणि एका पानावर नुसतंच 'वा!'. त्या 'वा'च्या काळ्या रेघेवर बोट ठेवून मी ते पान दोनदा वाचलं.

खरी गंमत पुढे. गठ्ठ्यातलं दुसरं पुस्तक त्याच लेखकाचं, 'मंत्रावेगळा', आणि त्याचा नायक कोण? दुसरा बाजीराव! ज्याच्यावर मी आदल्या आठवड्यात दात खात होते तोच. रागानेच सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी त्याचंही पटायला लागलं. एकाच माणसाने दोन्ही दरबारांचं वकीलपत्र घ्यावं आणि दोन्हीकडे इमानाने भांडावं, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

इकडे घरच्या ग्रुपवर वेगळाच खटला चालू होता. 2025 मध्ये संभाजी महाराजांवरच्या, 'छावा' कादंबरीवरून केलेल्या हिंदी चित्रपटातलं लेझीमचं दृश्य आक्षेपानंतर निर्मात्यांनी काढून टाकलं, तेव्हापासून तो मिटलेलाच नाही. काकांचं मत, या कादंबऱ्यांनीच इतिहासाचं वाटोळं केलं, शाळेच्या कपाटातून काढा. चुलतभावाचं मत, ज्या कादंबरीत आपला राजा चुकतो ती लिहूच देऊ नये. वर 'भिया, इतिहास इतिहास है' हा खास इंदुरी शेरा. दोघांची मतं उलट, पण दोघंही कादंबरीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून शपथ घ्यायला लावतात.

मजा म्हणजे काका अहिल्याबाईंची थोरवी सांगताना जॉन माल्कमचा दाखला देतात. 'तो तटस्थ इंग्रज', म्हणे. इंग्रज नव्हे काका, स्कॉटिश. आणि तटस्थ तर मुळीच नव्हे. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांच्या फौजेवर चालून गेलेल्यांत तो होता, पुढे मंदसौरचा तह त्यानेच केला, आणि मग 1823 मध्ये माळव्याचा इतिहास छापला. इथून दक्षिणेला लँगहोम गावाजवळच्या टेकडीवर त्याच्या नावाचा उंच स्तंभ आहे. मी जाऊन आले. वाऱ्याने टोपी उडाली, ती काही सापडली नाही.

इथे हे भांडण नाही. शहराचं मुख्य स्टेशन वेव्हर्ली, म्हणजे चक्क वॉल्टर स्कॉटच्या 1814 च्या ऐतिहासिक कादंबरीचं नाव. 1745 मध्ये ब्रिटिश राजाविरुद्ध इथे झालेल्या, फसलेल्या बंडाची गोष्ट. लिहिणारा राजनिष्ठ, पण हरलेल्यांना त्याने माणूस म्हणून उभं केलं. पुस्तकावर स्वतःचं नाव मात्र घातलं नव्हतं. दादरला उतरताना 'स्टेशन झुंज' अशी घोषणा ऐकू आली तर कसं वाटेल, तसं मला अजून वाटतं.

पण इथल्या शांततेचं मी फार कौतुक करणार नाही. माझ्या ऑफिसात स्कॉट वाचलेला एकही नाही. न वाचलेल्या पुस्तकावर कोण चिडेल? आणि काकांचा मुद्दाही अगदीच पोकळ नाही. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज इथे आला तेव्हा स्वागताचा सगळा थाट याच स्कॉटने मांडला, राजालाही टार्टन, म्हणजे इथलं चौकड्यांचं कापड, नेसवलं. आज रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत तेच 'अनादी परंपरा' म्हणून विकलं जातं. कादंबरीकाराचा रंग इतिहासाला लागतो, हे मी रोज बसमधून बघते.

तरीही कपाट रिकामं करायला माझी हरकत आहे. उलट काकांना मी एवढंच लिहिलं की दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, मधे दुसरं काही नको. त्यांनी अंगठा पाठवला. म्हणजे वाचणार नाहीत.

मला आता त्रिंबकजी डेंगळ्यांवरची 'झेप' हवी आहे, तीही इनामदारांचीच. आईला खोकं परत उघडायला लावलं. ती म्हणते, लोकमान्य नगरातल्या कुणीतरी बाबांकडून नेली होती. कधी? 'तुझ्या बारावीच्या वर्षी.' आता मागायची कशी, ते बघते आहे.