पाच अधिक तीन सहा? एंटरवाल्या कॅल्क्युलेटरवरचा उगाच आळ

जळगाव-धुळ्याकडच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘=’ बटण नसलेला, एंटरवाला कॅल्क्युलेटर घेऊ नका. एचपी-१२सी हा त्यातला नेहमी दिसणारा. म्हणे तो ५ आणि ३ ची बेरीज ६ दाखवतो, वजाबाकी उलटी करावी लागते आणि दुकानाच्या हिशेबाला तो निकामी.

६ येतात, खरं आहे. कसे आणले ते मात्र मेसेजात नाही. ५, एंटर, ३, एंटर, + असं दाबलं की १२सीवर ६ च येणार. एंटर म्हणजे ‘उत्तर दे’ नव्हे. ‘हा आकडा संपला, वर सरकव’. आकडा वरच्या खणात जातो, पण त्याची प्रत खालीही राहते. असे खण चार. दुसऱ्या एंटरने खालच्या दोन्ही खणांत ३ बसले, ५ त्यांच्याही वर गेले आणि + ने ३ मध्ये ३ मिळवले. दुसरं एंटर गाळा, ८ येतील.

वजाबाकीचं तर काहीच नाही. १०० एंटर ३५ − दाबा, ६५. आकड्यांचा क्रम तोच, चिन्ह तेवढं शेवटी. चुकून उलटे टाकलेच तर अदलाबदलीचं बटण आहे.

आता दुकान. समजा, रावेरहून केळीच्या दोन खेपा आल्या: १२.५ क्विंटल १२०० च्या भावाने, ८ क्विंटल १५०० ने. गल्ल्यावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर सलग १२.५ × १२०० + ८ × १५०० = दाबून बघा. २ कोटी २५ लाख १२ हजार! (एवढ्यात अख्खी बाग येईल.) मधली उत्तरं साठवणारं एम+ बटण वापरणारा फसत नाही, हे कबूल. पण एंटरवाल्यावर १२.५ एंटर १२०० ×, मग ८ एंटर १५०० ×, शेवटी +. २७,००० आले, आणि मधले १५,००० आणि १२,००० दोन्ही डोळ्यांसमोरून गेले. त्यावर ५ टक्के कापायचे? ५, %, −. उरले २५,६५०.

मेसेजात ‘बंद पडलेलं जुनं खूळ’ असंही आहे. १२सी १९८१ चा, जुना खराच. पण सीएफए या गुंतवणूक-विश्लेषकांच्या परीक्षेत जे मोजके कॅल्क्युलेटर चालतात, त्यांत तो आहे.

महाग आहे, हा आक्षेप घेतला असता तर मी वाद घातला नसता. नुसती बेरीज-वजाबाकी करणाऱ्याने साधाच घ्यावा.