साडूचं बोट

मागच्या रविवारी दादरला एका साखरपुड्यात माझ्या साडूने माझ्या गाडीच्या पुढच्या चाकावरून तर्जनी फिरवली, वर धरली आणि दहा जणांसमोर विचारलं, "काय रे, चुलीवर ठेवतोस का गाडी?" सगळे हसले. माझी बायकोसुद्धा. मग ते बोट त्याने पुसलं, तेही माझ्याच रुमालाला.

म्हणून या रविवारी सकाळी साडेसातला मी पार्किंगमध्ये उकिडवा बसलो होतो. हातात चाकं साफ करायच्या द्रव्याची साडेसहाशे रुपयांची बाटली, कमरेत उसण आणि शेजारी बादली. बादली एकच, कारण पाईप लावून गाडी धुवायला सोसायटीत बंदी आहे. तानसा-भातसाचं पाणी पार शहापूर तालुक्यातून येतं, ते जपून वापरावं हे मला मान्य आहे. पण गच्चीवरची टाकी रोज पहाटे वीस मिनिटं ओसंडून वाहते, ते पाणी कुठल्या तालुक्यातून येतं, हे मी सोसायटीच्या तीन वार्षिक सभांमध्ये विचारलं. तिन्ही वेळा तेवढ्यात चहा आला.

गाडी पुसायला महिना सहाशे रुपये घेणारा मुलगा आहे, नाही असं नाही. त्याचं फडकं एकच. काच, बॉनेट, चाक असा त्याचा क्रम असतो आणि कधीकधी चाक, बॉनेट, काच. पण चाकावरचं हे काळं फडक्याने जातच नाही. ब्रेकची डिस्क असते बिडाची. पॅड तिला घासतं, तापलेला लोखंडाचा कीस उडतो, अलॉय चाकावरच्या लॅकरच्या थरात रुततो आणि तिथेच गंजत बसतो. मी घाटकोपरहून माहीमला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये शीवचा रेल्वेवरचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून माझा उजवा पाय ब्रेकवरून उठलेला नाही. हप्ता मी भरतो गाडीचा आणि गाडी रोज थोडी थोडी स्वतःच्याच चाकांवर उतरते.

तर, उजवं पुढचं चाक छान निघालं. डाव्यावर फवारा मारला आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन आले.

काका लोकलच्या कुर्ला कारशेडमधून निवृत्त झाले आहेत. म्हणजे कागदोपत्री.

"काय चाललंय?"

"चाकं साफ करतोय, काका."

"ब्रेकचा कीस आहे तो."

"हो, तोच काढतोय."

"बिडाचा." पिशवी त्यांनी माझ्या बॉनेटवर ठेवली. "आमच्या गाड्यांना बिडाचे ब्रेक ब्लॉक होते. बोगीखाली हात घातला की कोपरापर्यंत चॉकलेटी. घरी जेवायला बसलो की आई म्हणायची, हात धुतलेस का? धुतलेलेच असायचे!"

इथे हसायचं असतं. मी हसलो. बाटलीवर लिहिलं होतं, तीन ते पाच मिनिटांत धुवा, वाळू देऊ नका.

"मुंबईत पहिली विजेची गाडी कधी धावली, सांग."

"काका, हे जरा धुऊन..."

"३ फेब्रुवारी १९२५. व्हीटी ते कुर्ला, हार्बरने. पंधराशे व्होल्ट डीसी. कुर्ला! आमचं कुर्ला!" जणू ते स्वतः मोटरमन होते. "आता नव्या रेकना ब्रेक मारला की वीज परत तारेत जाते. कीस नाही, काही नाही. तुझी कशावर चालते?"

"पेट्रोलवर."

"मग पूस."

एवढ्यात चाकातून जांभळट लाल ओघळ सुटले. ते द्रव्य लोखंडाशी भिडलं की असा रंग येतो, त्यातच बाटलीचं सगळं कौतुक आहे. पण हे वॉचमनला कोण सांगणार? तो धावत आला, खाली वाकून बघितलं आणि माझ्याकडे न बघता काकांना विचारलं, "साब, बिल्ली थी क्या?" पाठोपाठ वास सुटला. सडक्या अंड्याचा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून ओरडून सगळ्यांना गॅसचे नॉब बंद करायला सांगितले. माझी बायको बाल्कनीत आली, एकदा हुंगलं आणि म्हणाली, "अय्या, हा तर पार्लरमधला वास!" तिचं बरोबर होतं. केस कुरळे करायला आणि केस काढायच्या क्रीममध्ये याच जातीचं रसायन असतं. पण इमारतीच्या दर्शनी भागातून हे जाहीर करायची गरज नव्हती.

काका ढळले नाहीत. "कितीला ही बाटली?"

मी चारशे कमी करून सांगितले.

"अडीचशे? अरे, चिंच लावायची. तांब्याचा बंब निघतो, त्यापुढे हे काय?"

"अलॉय आहे काका, अॅल्युमिनियम. वरचं लॅकर खराब होईल आंबटाने."

"अॅल्युमिनियमच्या पातेल्यात आमटी करत नव्हते काय लोक? तिच्यात आमसूल नव्हतं?"

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मग त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मागून ओरडले, "अरे, मागची तर स्वच्छ आहेत!" मागे ड्रम ब्रेक आहेत, कीस आतल्या आतच राहतो. शिवाय ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मग मेहनत पुढच्यांची आणि काळं तोंडही पुढच्यांचंच. "ड्रम," काका समाधानाने म्हणाले आणि माझ्या मडगार्डावर थोपटलं. "जुनं ते जुनं." ऊन वाढल्यावर त्यांना दूध आठवलं.

मी वळून बघितलं तेव्हा डावं चाक वाळलं होतं. आधी नुसतं काळं होतं, आता काळ्यावर जांभळे पट्टे. जखमेवर जेन्शन व्हायोलेट लावून शाळेत पाठवलेल्या पोरासारखं दिसत होतं. बादलीत तळाला दोन तांबे पाणी, तेही उजव्या चाकाचं काळं झालेलं. नळाला गेलो. साडेआठ वाजून गेले होते, नळ कोरडा. गच्चीवरून तेवढा शेवटचा ओघळ भिंतीवरून खाली येत होता.

मग मी जे केलं ते सांगायला हरकत नाही. मागच्या चाकापाशी बसलो, ओल्या रुमालाने (त्याच) एक हात फिरवला, जवळून फोटो काढला आणि साडूला पाठवला. खाली लिहिलं, "आता फिरव बोट."

दोन मिनिटांत उत्तर आलं.

"ड्रम दिसतोय. पुढचं पाठव."