निशाचराची साखर

फोंड्याला आमच्या वाड्यावर सकाळी सहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो आणि त्या क्षणापासून घरातली सगळी माणसं माझ्याहून जास्त सज्जन असतात. नवरा फिरून आलेला असतो, सासूबाईंची तुळशीला प्रदक्षिणा झालेली असते. पॉय, म्हणजे आमचा कोंड्याचा पाव, गरम हवी म्हणून मलाही उठवतात. वास्तविक फाटकाला पिशवी अडकवली की पोदेर त्यात पॉय टाकून जातो. एवढी सोय असताना माणसाने उठायचं कशाला?

मी माणसात येते ती रात्री अकरानंतर. हिशेब जुळतात, कपाटं आवरावीशी वाटतात, भूकही खरी तेव्हाच लागते. हे आजवर नुसतं वळण वाईट म्हणून खपत होतं. यंदा रक्ताच्या अहवालात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 5.9 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी विचारलं, "झोपता कधी?"

नवरा म्हणाला, "ही आज झोपतच नाही डॉक्टर. उद्या झोपते."

डॉक्टर हसले, मग समजावून सांगत बसले. मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे 20,000 पेशींचं मुख्य घड्याळ असतं. यकृताला, स्वादुपिंडाला आपापली वेगळी घड्याळं, आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर चालतात. रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडतं. म्हणजे माझी साडेदहाची शीत-कडी (भात-कालवण) त्याच्या दारात पोचते तेव्हा ते दुपारी दीडच्या म्हापशातल्या दुकानासारखं असतं : शटर अर्धं खाली, मालक आत आडवा. तेवढाच भात दुपारी खाल्ला तर साखर कमी चढते. या घड्याळाची जनुकं फळमाश्यांमध्ये शोधणाऱ्या हॉल, रोसबाश आणि यंग यांना 2017 सालचं नोबेल मिळालं. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या त्या चिलटांना मी आता जरा आदराने हाकलते.

नवऱ्याने घरी येऊन आणखी दारूगोळा जमवला. 2023 सालचा अमेरिकेतल्या सुमारे 64,000 नर्सचा अभ्यास : निशाचरांना मधुमेहाचा धोका 72 टक्के जास्त. जेवताना त्याने हा आकडा मोठ्याने वाचला. मी फोन ओढून पुढचं वाक्य वाचलं. वजन, व्यायाम, आहार, सिगरेट, दारू वगैरे हिशेबात घेतल्यावर उरतात 19 टक्के. आणि त्याच्याही पुढे खरी मेख आहे. रात्रपाळी करणाऱ्या निशाचर नर्समध्ये हा जादा धोका दिसलाच नाही! मग घुबडाचा दोष किती आणि साडेनऊच्या ऑफिसचा किती, हे कोणीतरी मला सांगावं. (एरवी रात्रपाळी साखरेला वाईटच, हे मी नवऱ्याला सांगितलं नाही.) सोम ते शुक्र एका वेळेला उठायचं आणि रविवारी भलत्याच, या ओढाताणीला टिल रोएनेबर्ग हे जर्मन संशोधक 'सोशल जेटलॅग' म्हणतात. मी विमानात न बसता दर सोमवारी लंडनहून पणजीला कामावर जाते, ते असं.

डॉक्टरांचा उपाय साधा : सकाळचं ऊन डोळ्यांवर घ्या, रात्री मोबाइल बाजूला ठेवा, जेवण साडेसातला उरका. साडेसातला जेवते. अकराला फ्रीजचं दार माझ्याकडे बघतं. बाकी सगळं जमेल.

आमच्या घरात रात्री जागणं पाप आहे, ते जत्रा सोडून. जत्रेला नाटकाचा पडदा अकरा-साडेअकराशिवाय वर जात नाही. एरवी नवाला निजणाऱ्या सासूबाई पहिल्या रांगेत खुर्ची धरतात, पहाटे भैरवी होईपर्यंत हलत नाहीत, मध्यंतरात भजी आणि साखरेचा चहा. तेव्हा स्वादुपिंडाचं नाव कोणी काढत नाही. यंदा नवऱ्याने मंडळाच्या बैठकीत ठराव मांडला की आरोग्याच्या दृष्टीने नाटक आठला सुरू करावं. सासूबाईंनी तो उभ्या उभ्या पाडला.

"आठला? मग लोकांनी जेवायचं कधी रे?"