बोअरचं पाणी एकच असतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

बोअरच्या पाण्याचा नमुना तपासणीला कधी भरावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. "बोअर एकच, मग मोटर सुरू करताच भरलेली बाटली काय आणि तासाभरानं भरलेली काय, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) तोच येणार. प्रयोगशाळेत कधी पाय तरी ठेवलाय का?" पहिलं वाक्य मतभेदाचं, ते मांडायचा आपल्याला हक्क आहे. दुसऱ्याची काय गरज होती? इथं शेतकरी शंका विचारायला येतात. त्यांच्यासमोर ही भाषा?

ठेवलाय पाय, साहेब. त्याआधी कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर-हातकणंगल्यात बोअरच्या गाडीवर राबलोय. किती फुटाला पाणी लागलं हे वहीत टिपायचं काम माझ्याकडं होतं. वर मुरमात लागलेलं पाणी आणि खाली काळ्या दगडाच्या भेगेत लागलेलं पाणी, जिभेलाच फरक कळायचा. वरचं नुकतंच मुरलेलं. खालचं दगडातून रेंगाळत आलेलं, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त. पाणी वेगानं सरकलं तर दगडाशी सहवास कमी, लिटरमागं क्षार कमी. आणि बोअर हे सगळे झरे एकमेकांना जोडतं. दाबात फरक असला तर मोटर बंद असतानाही एका भेगेतलं पाणी बोअरमधून दुसरीत जात राहतं. याला "एकच पाणी" कसं म्हणायचं?

६.५ इंची बोअरमध्ये फुटाला साधारण ६.५ लिटर पाणी मावतं. २०० फूट पाणी उभं असेल तर १३०० लिटर. पहिली बाटली या थांबलेल्या पाण्याची. म्हणून तर वाहकतेचा, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचा, आकडा स्थिर होईपर्यंत उपसून मग नमुना घेतात. पिण्याच्या पाण्याची टीडीएसची मान्य मर्यादा लिटरला ५०० मिलीग्राम आहे, आणि लोक त्या पहिल्या बाटलीच्या अहवालावर हजारोंचा आरओ बसवतात. मी त्यासाठी लिहिलं, कुणाला घाबरवायला नव्हे.

खिशातलं मीटर क्षार थेट मोजत नाही, वाहकतेला गुणून आकडा दाखवतं, हे आपलं म्हणणं बरोबर. लेखात तशी ओळ घालतो. वरचं पाणी कमी क्षाराचं, यालाही अपवाद आहे: शिरोळकडं उसाला अति पाणी देऊन जमिनीतच क्षार साठलेत, तिथं वरचं पाणीही खारं निघतं. पण तो वेगळा विषय. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्यात वेळ घालवत नाही.

आपल्याच बोअरच्या दोन बाटल्या भरा, एक सुरुवातीची, एक तासाभरानं. एकाच प्रयोगशाळेत द्या आणि दोन्ही आकडे इथं लिहा. मग बोलू, पण नीट भाषेत.