गोष्ट आणि गोठा

'गोष्ट' आणि 'गोठा' हे दोन शब्द एकाच मुळातून आले आहेत. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा. 'गो' आणि 'स्था' मिळून झालेला शब्द. तिथून 'गोष्ठी' म्हणजे जमलेल्यांची बैठक. बैठकीत जे बोललं जातं तेही पुढे त्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं आणि मराठीत त्याची 'गोष्ट' झाली. मग तिचा अर्थ इतका पसरला की 'ती गोष्ट वेगळी' म्हणताना कथा सोडाच, बोलण्याचाही संबंध उरला नाही. कुठलीही बाब म्हणजे गोष्ट. मूळचा 'गोष्ठ' मात्र गाईंजवळच थांबला आणि 'गोठा' झाला. 'गवेषणा' हा शब्द संशोधनासाठी वापरतात. त्याचाही मूळ अर्थ गाईंचा शोध.

अशा काही व्युत्पत्ती कळत गेल्या तसं माझं मराठी ऐकणंच बदललं. पूर्वी शब्द म्हणजे अर्थ पोचवायचं साधन होतं. काम झालं की विसरायचा. आता बोलता बोलता एखाद्या शब्दापाशी मी थबकतो. 'गरीब' हा अरबी शब्द. तिकडे त्याचा अर्थ परका, आपल्या मुलखापासून दूर आलेला. ज्याचं इथे कुणी नाही, त्यालाच पुढे ज्याच्याकडे काही नाही असं म्हटलं गेलं. हे समजल्यावर तो शब्द मला पूर्वीच्या सहजतेनं उच्चारता येत नाही. 'शिकस्त' फारसीत पराभव आहे. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, म्हणजे हरण्यासाठीचा शब्द हार न मानण्यासाठी वापरतो. मराठी माणसांनी हा अर्थ कधीतरी फिरवला, आणि तो फिरवणाऱ्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत.

मला सगळ्यात जास्त ओढ लावली ती ध्वनींच्या बदलानं. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्ण, कण्ण, कान. कर्म, कम्म, काम. दुग्ध, दुद्ध, दूध. अद्य, अज्ज, आज. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात द्वित्त झालं, मग मराठीत त्या जोडीतलं एक व्यंजन गेलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. एकदा हे दिसलं की दिसतच राहतं. अष्टवरून आठ, अग्नीवरून आग. शाळेत आपण तत्सम आणि तद्भव शब्दांच्या याद्या पाठ केल्या, परीक्षेत जोड्या लावल्या. त्या जोड्यांमागे नियम आहे आणि तो मुलांना स्वतः शोधून काढता येईल इतका सोपा आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर पाच शब्द लिहून सहावा मुलांना ओळखायला सांगावा. व्याकरणाच्या तासाला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

आणि इथेच 'शुद्ध-अशुद्ध'चा प्रश्न येतो. 'हस्त' म्हणणाऱ्याच्या कानाला 'हत्थ' बिघडलेलंच वाटलं असणार. आज ज्याला आपण प्रमाण मराठी म्हणतो तिचा मोठा भाग अशा 'बिघडलेल्या' शब्दांनी बनलेला आहे. ही घडण मुख्यतः रोज बोलणाऱ्या, राबणाऱ्या, पुष्कळदा अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या तोंडी झाली. म्हणून कुणाच्या बोलीला हसणारा माणूस भेटला की मला आता राग येतो. लेखनाला नियम हवेत, प्रमाणभाषेची गरज आहे, हे मला मान्य आहे. पण एखाद्या मुलाच्या घरच्या उच्चाराला 'अशुद्ध' म्हणून त्याला गप्प बसवणं हा अन्याय आहे, आणि भाषेचा इतिहास त्या अन्यायाला आधार देत नाही.

परभाषेतून आलेल्या शब्दांबद्दलही तेच. बादली, चावी, पगार, तुरुंग हे पोर्तुगीजांकडून आले. 'बालदी'ची अक्षरं उलटसुलट होऊन बादली झाली. ही नामं आहेत. नवी वस्तू, नवी व्यवस्था आली की तिचं नावही येतं. मला जास्त विचार करायला लावतात ते शिवाय, वगैरे, फक्त, जरा, खूप असे शब्द. हे सगळे फारसी-अरबीतले. 'शिवाय' आणि 'फक्त' इतके आतपर्यंत यायला दोन भाषा एकाच माणसाच्या तोंडात पिढ्यानपिढ्या नांदाव्या लागतात. त्यांना पाहुणे म्हणणं मला पटत नाही. नवे मराठी शब्द जरूर घडवावेत, त्यात आनंद आहे. ते घडवताना जुन्यांना घराबाहेर काढायची गरज नाही.

व्युत्पत्तीचा एक धोकाही आहे, आणि तो तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच बोलून दाखवायला हवा. मूळ अर्थ सापडला की तोच 'खरा' अर्थ असं वाटू लागतं. तसं नसतं. मनुस्मृतीत खटल्यांचे जे अठरा विषय दिले आहेत त्यात 'साहस' आहे, म्हणजे बळजबरीचा गुन्हा. आज आपण साहसासाठी शौर्यपदकं देतो आणि त्यात काहीही चूक नाही. 'मृग' म्हणजे पूर्वी कुठलाही रानपशू. म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. पण त्यामुळे आज हरणाला मृग म्हणणारा चुकत नाही. शब्दाचा अर्थ तो वापरणारे ठरवतात.

दुसरा धोका अधिक फोफावलेला आहे. 'नेव्हिगेशन हे नवगतीवरून आलं' अशा जातीचे संदेश फिरत असतात. तो शब्द लॅटिन 'नाविस'वरून, म्हणजे जहाजावरून आला. संस्कृतातल्या 'नौ'शी त्याचं नातं आहे, पण ते भावंडांचं. १७८६ मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकाच, कदाचित लुप्त झालेल्या भाषेत असावा, असं मांडलं. पुढचं सारं तौलनिक भाषाशास्त्र त्या दिशेनं वाढलं. आपल्याकडे तर शब्दांच्या मुळांचा विचार कितीतरी जुना आहे. सगळी नामं धातूंपासून, म्हणजे क्रियापदांच्या मुळांपासूनच निघतात, असं प्राचीन वैयाकरण शाकटायनाचं म्हणणं. सगळी नाहीत, असं गार्ग्याचं. हा वाद यास्कानं निरुक्त या आपल्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. इतकी मोठी परंपरा असताना उच्चार जुळला म्हणून नातं जोडणं मला त्या परंपरेचाच अवमान वाटतो. शंका आली तर कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश उघडावा, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा, टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आता ऑनलाइनही चाळता येतो.

आणि जे शब्द तिथे सापडणार नाहीत त्यांचं काय? १२व्या शतकात हेमचंद्रानं 'देशीनाममाला' रचली ती ज्या शब्दांची सांगड संस्कृताशी घालता येत नव्हती त्यांच्यासाठी. तेही शब्दच आहेत आणि त्यांचीही नोंद व्हायला हवी, असं त्या प्रकांड संस्कृत पंडिताला वाटलं. तुमच्या घरात, तुमच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात असा एखादा कोशात नसलेला शब्द असेल, तर तो लिहून ठेवा. सोबत तो कोण वापरतं आणि कुठल्या वाक्यात, तेही लिहा.